करंजीचा कडू साबण

उकंडाच्या हातचा साबण गावात कोणी माणसाच्या अंगाला लावत नव्हतं. कुत्र्याच्या अंगाला तो चालत होता. त्यावरच उकंडाच्या घरची चूल पेटत होती.

केळापूरच्या अलीकडं, जंगलाला पाठ टेकून बसलेलं ते गाव. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून हा जन्मला तेव्हा मायनं त्याला उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं आणि नाव उकंडा ठेवलं. बाप, आजा, पणजा, सगळे गावची मेलेली ढोरं ओढत आलेले. छप्पनच्या दसऱ्याला उकंडा नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. आल्या आल्या त्यानं ढोरं ओढायचा कासरा खुंटीवरून काढला आणि चुलीत घातला. कासरा भक्कन पेटला. पिढ्यांची चरबी मुरली होती त्यात.

"याच्यापुढं मेलं ढोर ओढनार नाई," तो बायकोला म्हणाला. "उपाशी मरू, पन नाई."

"आधी उपाशी तं राहून पाह्य," मथुराबाई म्हणाली. पण तिनंच फुंकणी घेऊन जाळ वाढवला.

गावानं मग जे करायचं ते केलं. पऱ्हाटीतला कापूस वेचायला बोलावणं बंद झालं. निंदणाला बंद झालं. चक्कीवाला यांचं दळण घेईना. नाल्यावर धुणं धुवायला खालच्या अंगाला जा म्हणाले, तिथं नुसता चिखल.

जवानीत उकंडानं यवतमाळला एका साबणाच्या कारखान्यात कढई ढवळली होती. कास्टिक कसं भिजवायचं, तेलात कसं सोडायचं, ते त्यानं तिथं पाहिलं होतं. साबण पिकला की नाही ते ओळखायची रीतही तिथलीच. वडीला बोट घासायचं आणि बोट जिभेच्या टोकाला लावायचं. जीभ चरचरली तर कास्टिक अजून जिवंत, साबण कच्चा, ठेवायचा. नाही चरचरली तर पिकला. नाल्याच्या काठानं करंजीची झाडं ओळीनं उभी होती. मथुराबाईनं शेंगा वेचल्या, फोडल्या, खायचं तेल नव्हे म्हणून तेलघाणीवाल्यानं ते काढून दिलं, आणि उकंडानं अंगणात कढई चढवली. साबण झाला. पिवळट, उग्र वासाचा. गावात त्याला एकही गिऱ्हाईक मिळालं नाही.

नाल्यापलीकडं लमाणांचा तांडा होता. तिथला नाईक गुलाबसिंग एक दिवस कुत्री घेऊन जाताना थांबला.

"काहून रे उकंडा, खपून नाई राह्यला काय तुहा साबन?"

"कोन घेते, नाईकसायेब? म्हनतात, याच्या हातचं अंगाले लावलं तं आंघोय झाली का इटाळ झाला?"

गुलाबसिंग पोट धरून हसला. "मंग माह्या कुत्र्याइले दे. त्याइले कोनाचाच इटाळ नाई."

तांड्यातल्या कुत्र्यांचे कान गोचिडांनी भरलेले, पाठी खरजेनं उघड्या पडलेल्या. त्याआधी लोक गंधक लावायचे, तंबाखूचं पाणी लावायचे. कुत्रं ते चाटून काढायचं, ओकायचं, आणि खरूज होती तिथंच राहायची. करंजीचा साबण कडूजहर. कुत्र्यानं एकदा जीभ लावली की तोंड वाकडं करून दुसरीकडं पाहायचं. म्हणून तो अंगावर टिकला आणि म्हणून त्यानं काम केलं. गोचीड गळले. दिवाळीच्या आत पाठींवर केस आले.

तांड्यावरून बातमी पांढरकवड्याच्या बाजारात गेली. उकंडा बाजाराच्या कडेला पोतं टाकून बसू लागला. धनगर यायचे, शिकारी यायचे. "कुत्र्याचा साबन कुटी भेटते?" असं विचारत लोक त्याच्यापर्यंत पोचायचे. त्याचं नाव कोणी विचारलं नाही. त्यालाही त्याची गरज नव्हती. घरात जवारी होती आणि खुंटी रिकामी होती, एवढं त्याला पुरे होतं.

गावचे पाटील वामनराव डुकराच्या शिकारीचे शौकीन. त्यांचा ढाण्या नावाचा कुत्रा, छातीनं रुंद, डुकराच्या कानाला लोंबकळणारा. त्याला खरूज झाली तेव्हा पाटलानं गडी मारोतीला धाडलं. उकंडा गेला. नाल्यावर ढाण्याला पाण्यात उभं करून त्यानं आपल्या हातानं चोळलं. पहिल्यांदा कुत्र्यानं दात दाखवले. नंतर उकंडा दिसला की तो आपणहून नाल्याकडं चालू लागला.

खरूज गेली. पाटील म्हणाले, "माह्या वावराच्या धुऱ्यावरच्या करंज्या येचत जाय."

"जय भीम," उकंडा म्हणाला. निघताना तो हेच म्हणत असे.

"हं," पाटील म्हणाले. त्याहून जास्त ते कधी म्हणाले नाहीत.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या वर्षी करंजीचा मोहर अवकाळीनं झडला. शेंगा फारशा धरल्या नाहीत. जे थोडं तेल निघालं ते दिवाळीपर्यंत संपत आलं. उरल्या तेलात पाणी जास्त झालं, आणि साबण असा मऊ झाला की बोट रुतायचं. बाजारात लोक वडी दाबून पाहायचे आणि परत ठेवायचे.

मग उकंडा रहमत खाटकाकडं गेला आणि बकऱ्याची चरबी घेऊन आला.

मथुराबाईनं गाडग्यात डोकावून पाहिलं. "चरबी? मंग कासरा चुलीत कायले घातला आपून?"

"मेल्या ढोराची नाई हे. रहमतभाईच्या कापल्या बकऱ्याची हाय."

"हे मले समजते. गावाले कोन समजावून सांगन?"

"गाव साबन घेते कुटी? कुत्रे घेतात."

यावर तिला हसू आलं नाही.

चरबीचा साबण झाला पांढरा, टणक, गुळगुळीत. करंजीचं तेल त्यात नावाला. उकंडानं वडी हातात घेऊन वाजवून पाहिली. असा साबण त्याच्या हातून आधी झाला नव्हता. मग त्यानं बोट घासलं आणि जिभेला लावलं. जीभ चरचरली. कडूपणा मात्र जवळजवळ नव्हताच, ते त्याला जाणवलं. पण त्याचं ध्यान चरचरण्याकडं होतं.

"कच्चा हाय काय?" मथुराबाईनं विचारलं.

"थोडासाक."

"मंग ठेव आनखी."

"बजार उद्या हाय. मागच्या बजारी रिकाम्या हातानं आलतो." त्यानं वड्या पोत्यात भरल्या. "आन कुत्र्याले लावाचा हाय, खायाचा थोडी हाय."

ज्याची सगळी करामत साबण कडू असण्यात होती, तो कुत्र्याची जीभ विसरला.

मारोतीनं बाजारातून एक वडी घेतली आणि पाटलाच्या ओसरीवर ठेवली. बकऱ्याच्या चरबीचा वास ढाण्याला आला. सकाळी वडीचा कागद ओसरीवर फाटून पडला होता आणि ढाण्या अंगणात तोंडाला फेस आणून लोळत होता. मारोती धावत बोलवायला आला. उकंडानं ताक पाजून पाहिलं, अंड्याचं पांढरं पाजून पाहिलं. घशाखाली काही उतरेना. जीभ आतून सोलली होती. दुपारी कुत्रं थंड झालं.

अंगणात सगळं गाव जमा झालं. वामनराव ओसरीवर उभे होते.

"काय टाकलं व्हतं त्याच्यात?"

"बकऱ्याची चरबी, पाटील. आन साबन कच्चा व्हता. चूक माही हाय."

"बकऱ्याची?" मागून कोणी तरी बोललं. "मेल्या बैलाची असन! जात दाखोलीच शेवटी!"

उकंडा मागं वळला नाही. मथुराबाई लोकांच्या कडेला उभी होती. तिनं खाली पाहिलं.

पाटील आत गेले आणि गोठ्यातला कासरा घेऊन आले. तो त्यांनी उकंडाच्या पायापाशी फेकला.

"मारलं तू. ओढ तूच. पांदनीपलीकडं टाकून ये. मंग माह्या मनात काई नाई. करंज्या येच, कढई चढव. गावालेही मी सांगतो, याले कामाले बोलवा म्हनून. एक डाव ओढ."

एक डाव. उकंडानं कासऱ्याकडं पाहिलं. नवा होता, अंबाडीचा. कुत्रं त्यानंच मारलं होतं, हे खरं. पाटलानं हा कासरा आणला नसता तर कोणी सांगायच्या आधीच उकंडानं ढाण्याला खांद्यावर घेऊन नाल्याकाठी पुरलं असतं. स्वतःच्या हातानं चोळलं होतं त्याला. ढाण्याच्या डाव्या कानामागचा डुकराच्या सुळ्याचा व्रण उकंडाच्या बोटांना ठाऊक होता.

"माती देतो, पाटील," तो म्हणाला. "खड्डा मी खनतो. पन ओढत नाई. उचलून नेऊ. चादर आना. एका बाजूनं मी धरतो, एका बाजूनं तुमी धरा."

पाटील त्याच्या पुढ्यात आले.

"मी?"

"कुत्रं तुमचं व्हतं."

पाटलांचा हात त्याच्या तोंडावर बसला. उकंडाच्या ओठातून रक्त आलं. तो उभाच राहिला. कासरा तिथंच होता.

"मंग पडू द्या," तो म्हणाला, आणि मथुराबाईला घेऊन घराकडं निघाला. घरी पोचायच्या आत पाटलाचे गडी पुढं गेले होते. कढई दगडानं फोडली होती, वड्या उकिरड्यावर पडल्या होत्या.

"ओढलं असतं तं?" मथुराबाईनं कढईचा तुकडा उचलत विचारलं. ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती.

"तं उद्या बैल मेला असता," उकंडा म्हणाला.

ढाण्या अंगणातच राहिला. गड्यांपैकी कोणी हात लावेना. मारोतीची बायको म्हणाली, हात लावला तर घरात घेणार नाही. कुत्रं फुगलं. माशा आल्या. पाटलाच्या घरचे मागच्या दारानं ये-जा करू लागले. शेवटी वामनरावांनी लांबूनच तुऱ्हाट्या टाकायला लावल्या, घासलेट ओतलं आणि जागेवर पेटवून दिलं. अर्धवट जळालं. वास आणखी वाढला. एवढ्या मोठ्या गावाला एक कुत्रं उचलता आलं नाही.

तोवर उकंडा आणि मथुराबाई गाव सोडून उमरखेडकडच्या सडकेच्या कामावर गिट्टी फोडायला गेले होते. करंजीला पाटील आता हात लावू देणार नव्हते, तेलघाणी पाटलाच्या भावकीची. दुसरी कढई घेऊनही चढवायची कशाच्या भरवशावर?

सडकेवरच्या मुकादमाजवळ एक कुत्रं होतं. पाठ उघडी पडलेली, दिवसभर गिट्टीच्या ढिगाला अंग घासायचं. मुकादम वैतागून एकदा सगळ्यांना म्हणाला, "अबे, कोनाले याच्यावर काई औषिद मालूम हाय काय?"

सडकेच्या कडेला करंजीचं एक झाड होतं. शेंगांनी लगडलेलं. मथुराबाईनं झाडाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

कुत्रं ढाण्यासारखंच आपणहून उकंडाजवळ आलं आणि त्याचे हात हुंगू लागलं. त्यानं ते कोपरानं बाजूला सारलं.

"नाई, सायेब," तो म्हणाला, आणि दुसरा दगड पुढं ओढला.