शैलाताईंचं लॉगिन

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझं काम वाय-फायचं... इथे कोण आलं, कधी आलं, सगळ्याची नोंद राहते. तरी हे लिहितोय, आणि लिहिताना भीतीपेक्षा लाज जास्त वाटतेय.

बुऱ्हाणपूरला लोधीपुऱ्यातल्या एका खाजगी कॉलेजात मी वाय-फाय बसवलं. सगळ्यांना मिळून एक पासवर्ड नको, म्हणून प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं. यात एक सेटिंग महत्त्वाची असते – पासवर्ड पाठवण्याआधी फोनने समोरचा सर्व्हर खरा आहे का ते तपासायचं. पण त्यामुळे लोकांचं कनेक्शन अडायचं, रोज तक्रारी यायच्या. कंटाळून मी ती तपासणीच बंद करून टाकली. म्हणजे आमच्याच नावाचं खोटं वाय-फाय कुणी सुरू केलं, तर पासवर्ड आयता त्याच्या हातात.

दोन महिन्यांनी परीक्षेचा पेपर फुटला. तो कॉलेजच्याच वाय-फायवरून बाहेर गेला होता, आणि नोंदीत लॉगिन निघालं लायब्ररीतल्या शैलाताईंचं. मीटिंगमध्ये प्राचार्यांनी मला विचारलं, यांच्या नावाने दुसरं कुणी शिरू शकतं का? मी म्हणालो, "नाही सर, पॉसिबलच नाही."

ताईंची नोकरी गेली. त्या चांदनी गावी भावाकडे राहायला गेल्या. त्यांचं खातं मी स्वतः डिलीट केलं, त्यांचा कॉलेजचा टॅब माझ्या कपाटात बंद करून ठेवला.

पुढच्या सोमवारी नोंदी बघत होतो. सकाळी दहा वाजून दहा मिनिटं – शैलाताई, लायब्ररी, प्रवेश मंजूर. खातंच नाही तर मंजूर कसं? नंबर त्यांच्याच टॅबचा. कपाट उघडलं... टॅब तिथेच, बॅटरी पार उतरलेली. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. वाटलं, कुणीतरी टॅबचा नंबर चोरून वापरतंय. म्हणून गुरुवारी लायब्ररीतला वाय-फायचा डबाच काढला, वायर सोडवून मांडीवर घेतला आणि लॅपटॉपसमोर बसलो. दहा वाजून दहा मिनिटांनी त्याच डब्याच्या नावाने नोंद आली.

दुपारच्या गाडीने चांदनीला गेलो. ताई ओसरीवर तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं – बंद केलेली तपासणी, मीटिंगमधलं खोटं, या नोंदी. नोंदींबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. हातातलं सूप खाली ठेवून एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाले मालूम होतं ना? त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे पाह्यलंच नाही."

मग आत जाऊन माझ्यासाठी चहा करून आणला.

शुक्रवारी मी प्राचार्यांना सगळं लेखी दिलं. माझं काम गेलं, ते जायलाच हवं होतं. ताईंना परत बोलावलं, त्या आल्या नाहीत. त्यानंतर तशी नोंद कधी आली नाही, असं तिथला नवा माणूस सांगतो. सर्व्हर दोन जाणकारांनी तपासला, कुठेही छेडछाड नाही. त्या नोंदी कशा आल्या, हे त्यांनाही कळलं नाही... आणि मलाही नाही.

परवा बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारात ताई भाजी घेताना दिसल्या. त्यांनी हात वर करून मला हाक मारली. मी ऐकलंच नाही असं दाखवून बाजूच्या गल्लीत शिरलो.