धोंडिरामचे आठ तास

धोंडिराम खरात कुठलीही नवी वस्तू तपासल्याशिवाय वापरू देत नाही, हे आमच्या भांडुपच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. मागे त्याच्या घरी नवा कुकर आला, तर दोन दिवस त्यात नुसतं पाणी उकळत होतं. हा बाजूला स्टूल टाकून शिट्ट्या मोजतोय. तिसऱ्या दिवशी वरण झालं. त्याची बायको, म्हणजे आमच्या द्रौपदीवहिनी, जिन्यात मला म्हणाल्या, "बरं झालं, भावोजी, लग्न घाईत झालं. नाहीतर मलापण दोन दिवस गॅसवर ठेवलं असतं."

माणूस मूळचा माण तालुक्यातला. एकोणिसाव्या वर्षी मुंबईला आला आणि इथल्या मोटरच्या कारखान्यात चिकटला. मोटर म्हणजे गाडी नव्हे. पंप, गिरण्या, लिफ्ट फिरवणारी विजेची मोटर. तयार मोटर बाहेर पडायच्या आधी तिला पूर्ण ओझं लावून तासन् तास चालवायची आणि दर पंधरा मिनिटांनी ती किती तापली हे रजिस्टरात लिहायचं. याला 'हीट रन' म्हणत. एकतीस वर्षं धोंडिरामने हेच केलं. त्याची सही नसेल तर मोटर गेटाबाहेर जात नसे. साहेबांनी हातापाया पडून पाहिलं, पण हा म्हणायचा, "आठ तास झाले की देतो."

मी त्याच कारखान्यात टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आला, कोण कोणाबरोबर गेला, हे सगळं माझ्या खिडकीतून दिसायचं. वाईट सवय लागते ती तिथेच लागते. आता कारखाना नाही, त्या जागी तीस मजली टॉवर उभा आहे. धोंडिरामच्या खिशात मात्र अजून थर्मामीटर असतो आणि मी अजून खिडकीत असतो.

तर सांगायची गोष्ट त्याच्या मुलीच्या कॉम्प्युटरची.

संघमित्रा चौतीस वर्षांची. दिवसा एका ऑफिसात नकाशे काढते आणि संध्याकाळी अंधेरीच्या कॉलेजात एम.टेक. करते. तीन वर्षं चाललंय. तिचा विषय आपला भांडुपचा नाला. भरती असताना वरून पाणी आलं तर ते कुठल्या गल्लीत किती चढेल, हे ती कॉम्प्युटरकडून काढून घेते. हे गणित साखळीसारखं असतं. एका क्षणाचं उत्तर आलं की त्याच्यावरून पुढच्या क्षणाचं. मध्येच मशीन बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि मशीन बंद न पडता एक आकडा चुकला, तर त्यापुढचं सगळं चुकीचं, आणि कुणाला कळणारही नाही.

एका शनिवारी रात्री अकराला तिला कळलं की एका पुलाची रुंदी तिने चुकीची घातली होती. सगळं गणित नव्याने करायचं. त्याला लागणार साडेपाच दिवस. शुक्रवारी संध्याकाळी पाचला प्रबंध द्यायचा आणि त्याआधी आलेख काढायचे, म्हणजे गणित शुक्रवारी सकाळी आठला हातात हवं. बसत नव्हतं. सरांनी मुदत दोनदा वाढवली होती. आता चुकलं की नाव कटून तीन वर्षं पाण्यात.

तिसऱ्या मजल्यावरचा मुकुल मदतीला धावला. मुकुल म्हणजे कॉम्प्युटरवर खेळ खेळणारा, चाळिशीला टेकलेला, अजून आईच्या हातचा डबा नेणारा. (लग्न का झालं नाही ते मला माहीत आहे, पण ते दुसऱ्या वेळी.) तो म्हणाला, "ताई, तुझा प्रोसेसर तीन पॉइंट सहा गिगाहर्ट्झवर चालतो. कंपनीने वेगाला लॉक ठेवलेलं नाही. मी चार पॉइंट पाच करून देतो, एकदम झकास." दहा मिनिटांत त्याने वेग वाढवला, त्याला झेपावा म्हणून व्होल्टेजही भरपूर चढवलं आणि चहा पिऊन गेला. मशीन सुरू झालं. सगळे खूश.

रविवारी सकाळी सहाला संघमित्राने पाहिलं, तर पडदा निळा आणि गणित बंद. कधी बंद पडलं देव जाणे.

मी पाणी भरायला उठलो होतो, तर त्यांच्या दारातून आवाज ऐकू आला. दार उघडंच होतं, म्हणून आत गेलो. (बंद असतं तर ठोठावून गेलो असतो.)

धोंडिराम बनियनवर कॉम्प्युटरसमोर उभा होता. "कोणी चढवला वेग?"

"मुकुलने," संघमित्रा म्हणाली.

"हीट रन किती घेतला?"

"पप्पा, चालू झालं तेव्हा चाललं ना."

"चालू तर आमची जळकी मोटरपण व्हायची. दाब वाढवून कोणीही पळवेल गं. किती वेळ पळते ते बघायचं असतं."

मग बापलेक बसले. मुकुलने चढवलेलं व्होल्टेज धोंडिरामने आधी उतरवायला लावलं. वेग मूळ जागी आणला. तिथून एकेक पायरी वर. प्रत्येक पायरीला पंधरा मिनिटं एक चाचणीचा प्रोग्रॅम चालवायचा, जो मशीनला जड गणितं घालतो आणि उत्तरं तपासतो. चार पॉइंट शून्य, ठीक. एक, ठीक. दोन, तीन, ठीक. चार पॉइंट चारला सातव्या मिनिटाला एक उत्तर चुकलं. मशीन बंद पडलं नाही, गरम फार झालं नाही, फक्त उत्तर चुकलं.

"बघ," धोंडिराम म्हणाला. "हेच मुकुलच्या चार पॉइंट पाचला झालं असणार, तुझ्या नाल्यात."

"मग चार पॉइंट तीन ठेवूया?"

"तीनला चाललं म्हणून आपण दोनला बसायचं. काठावर खाट टाकून झोपायचं नाही."

चार पॉइंट दोनला तिचं गणित चार दिवस सतरा तासांत होणार होतं. म्हणजे रविवारी दुपारी तीनला सुरू केलं तरच शुक्रवारी आठला संपेल. तेव्हा नऊ वाजले होते.

"आता हीट रन," धोंडिराम म्हणाला. "आठ तास."

"पप्पा, सहाच आहेत."

"आठला मी कधी एक मिनिट कमी केलं नाही."

"मग सुरूच नको करायला. मी सरांना फोन करते, नाव कापा म्हणते."

त्याने घड्याळाकडे पाहिलं, बोटांवर तास मोजले. मग म्हणाला, "सहा. पण मध्ये काही गडबड झाली तर शून्यापासून."

पंख्याकडे तोंड करून कॉम्प्युटर ठेवला. जुनं रजिस्टर निघालं, पानांवर रकाने आखले. दर पंधरा मिनिटांनी प्रोसेसरचं तापमान, खोलीचं तापमान, वेग, चुका. संघमित्राला म्हटलं झोप, तर ती झोपली नाही, नखं खात बसली. अकरापर्यंत आकडा अठ्ठ्याहत्तरवर येऊन टेकला आणि तिथेच राहिला. चुका शून्य. मी घरी जाऊन अंघोळ उरकून आलो.

एकला धोंडिराम जेवला. पहाटेपासूनचा माणूस, भात पोटात गेल्यावर खाटेवर कलंडला. वहिनींना सांगितलं, "पाऊण तास तू लिही. जे दिसेल ते लिहायचं." संघमित्रा खाली ब्रेड आणायला गेली, कारण तिच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं.

आता वहिनींचं एक सांगायला हवं. त्यांच्या घरात कव्हर नसलेली वस्तू नाही. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, आणि सगळी त्याच मशीनवर शिवलेली. रिमोटलासुद्धा आहे. जुन्या साड्यांची, काठासकट.

मी दीडच्या सुमाराला सहज डोकावलो. वहिनी केर काढून सुपलीत भरत होत्या आणि कॉम्प्युटर जांभळ्या नारायणपेठच्या कव्हरात गुंडाळलेला होता. केराची धूळ बसू नये म्हणून त्यांनी तो झाकला होता. पंखा त्या साडीवरच वारा घालत होता.

त्यांनी मला पाहिलं, पडद्यावरचा आकडा पाहिला आणि कव्हर ओढून काढलं. शहाण्णव. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मला. चाळीस वर्षं ज्याच्या पोटात काही राहिलं नाही त्याला. मी खुर्चीत बसून जीभ दातांत धरली.

पावणेदोनला धोंडिराम उठला, चष्मा लावला आणि रजिस्टर घेतलं. बोट रकान्यावरून खाली गेलं आणि थांबलं.

"एकला अठ्ठ्याहत्तर. सव्वाला त्र्याण्णव. दीडला शहाण्णव. वेग तीन पॉइंट एक. आता चौऱ्याऐंशी." त्याने वर पाहिलं. "सव्वाला काय झालं?"

संघमित्रा ब्रेड घेऊन दारात उभी होती.

"केर काढला," वहिनी म्हणाल्या. "कव्हर घातलं होतं."

मला वाटलं आता आकाशपाताळ एक होणार. धोंडिराम मात्र रजिस्टरकडेच बघत राहिला.

"तुला अठ्ठ्याहत्तर लिहिता आलं असतं," तो म्हणाला. "मला कळलं नसतं."

"तुम्ही म्हणालात दिसेल ते लिही. म्हणून लिहिलं." त्यांचे डोळे भरले होते. "जळलं का हो पोरीचं?"

"जळलं नाही. जास्त तापलं की ते आपोआप वेग कमी करतं, वाचतं. पण ही पाऊण तासाची परीक्षा धरता येत नाही. शून्यापासून."

संघमित्राने ब्रेड टेबलावर ठेवला. "सहा तास शून्यापासून म्हणजे रात्री आठ. म्हणजे गणित शुक्रवारी दुपारी एकला. आलेख कधी काढू? राहू दे, पप्पा." तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. फोन हातात घेतला आणि सरांचं नाव शोधू लागली.

आता धोंडिरामची हालत बघण्यासारखी होती. तो माझ्याकडे बघायचा, मी छताकडे. छताला बघण्यासारखं काही नव्हतं. शेवटी त्याने घसा साफ केला.

"थांब. नियम आठ तासांचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नियमात तास नाहीतच. आकडा टेकला, मग तासाभरात एक अंशापेक्षा वर गेला नाही, की हीट रन झाला. छोटी मोटर तीन तास. मोठी चार, साडेचार."

वहिनी हातातला कव्हराचा बोळा घेऊन हळूहळू पुढे आल्या.

"आठ तास लागतात म्हणायचात. मशीन सोडून येता येत नाही म्हणायचात. मी पोरीला काखेत घेऊन रेशनच्या रांगेत उभी राहायचे."

"मोठ्या मोटरला..."

"साडेचारनंतर काय करायचात?"

धोंडिरामने मान खाली घातली. "मेंढीकोट."

"पत्ते?"

"टेस्टिंगच्या शेडमध्ये. चौघं."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावोजी, तुम्ही टाइमकीपर होता. तुम्हाला ठाऊक असणार."

मी काय सांगणार, चौथा मीच होतो. पण त्यांना ते माझ्या तोंडावरच दिसलं असावं.

"मेल्या श्याम्या, बोल की काहीतरी," धोंडिराम म्हणाला.

"रीडिंग मात्र एकही खोटं नव्हतं, वहिनी," मी म्हणालो. "पत्ते ठेवून दर पंधरा मिनिटांनी उठायचा. डाव रंगात असतानासुद्धा. आमचे शिव्याशाप खाऊन."

खरंच सांगतो, एकतीस वर्षांत त्याची पास झालेली एक मोटर परत आली नाही.

संघमित्रा आधी हसली. फोन खाली ठेवून, तोंडावर ओढणी धरून हसत राहिली. "म्हणजे अकराला टेकलं होतं तेव्हाच बाराला पास होतं?"

"आकडे बघून मी दोन तास आणखी टाकलेच असते. सवयच ती. शिवाय आकडा टेकला तरी चुका येतात का, ते बघावंच लागतं. मशीन मोटरपेक्षा नाजूक. पण सकाळपासून चूक एकही नाही, आणि एक पायरी आपण खाली आहोतच." त्याने रजिस्टरात त्या तीन ओळींभोवती चौकट काढली आणि शेजारी लिहिलं, 'कव्हर.' "आता दोन ते तीन पुन्हा बघायचं. टेकलेला राहिला तर सुरू कर."

दोनला पुन्हा अठ्ठ्याहत्तर. सव्वादोन, अडीच, पावणेतीन, सगळीकडे अठ्ठ्याहत्तर, एकदा एकोणऐंशी. चुका शून्य. संघमित्राने तिच्या जुन्या गणिताचा छोटा तुकडा चालवून पाहिला, उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत तेच आलं. तीनला चार मिनिटं कमी असताना तिने बटण दाबलं.

पाच दिवस त्या खोलीत केर ओल्या फडक्याने निघाला. यूपीएसची बॅटरी धोंडिरामने रविवारीच वायर काढून तपासून घेतली होती. तो रोज चार वेळा आकडे लिहायचा. वहिनी त्याच्याशी मोजकंच बोलायच्या, आणि तो "दहा मिनिटांत येतो" म्हणून खाली गेला की घड्याळाकडे बघून म्हणायच्या, "म्हणजे पाच लागतील, उरलेली पाच कुठं घालवणार ते विचारा." मला विचारायच्या. मी हल्ली त्यांच्याकडे चहाला थोडा कमीच जातो.

शुक्रवारी सकाळी आठला तीन मिनिटं असताना गणित संपलं. संघमित्राने आलेख काढले, दुपारी दोनला पेन ड्राइव्ह आणि छापलेला प्रबंध घेऊन अंधेरीला निघाली. तिने पाठ फिरवली तसा धोंडिरामने प्रोसेसरचा वेग मूळ तीन पॉइंट सहावर आणून ठेवला. काम झालं की जादा ओझं काढायचं, म्हणाला.

पावणेपाचला फोन आला. धोंडिरामने स्पीकरवर टाकला, कारण दारात मी होतोच.

"दिला, पप्पा. सरांनी घेतला."

वहिनी पुढे झाल्या. "पास झालीस का गं?"

"अगं, निकाल लागायला वेळ असतो," धोंडिराम म्हणाला. "दोन महिने लागतात."

"म्हणजे एकच," वहिनी म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची दोन पानं नव्हेत, एकच उलटून त्यांनी तारखेवर पेन्सिलीने गोल काढला.