फोमची बाई

रिक्षाची सीट फाटली की मार्केट यार्डाच्या बाजूचे रिक्षावाले एकच नाव सांगतात, नियाजभाई. स्टँडला लागूनच त्यांचा गाळा. कागदोपत्री रिक्षात तीन माणसं बसतात, पण नियाजभाई सीट भरतात पाच जणांच्या अंदाजाने, कारण त्यांचा जन्म पुण्यातला. कुणी विचारलं, "टिकेल ना?" की म्हणतात, "तुम्ही टिकलात तर टिकेल." एकदा विचारलेला माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही.

अशा माणसाकडे दोन वर्षांपूर्वी डॉक्टर पद्मजा आल्या. माणूस चालता बोलता कोसळतो, हृदय थांबतं, तेव्हा ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आजूबाजूची माणसं काय करतात, आणि त्यांना शिकवलं तर किती जास्त जीव वाचतील, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. शिकवायला छातीचे पुतळे लागतात. परदेशी पुतळे होते जेमतेम दोन, आणि बाईंना तर प्रत्येक स्टँडवर एक हवा होता.

"दाबल्यावर छाती पाच सेंटिमीटर तरी आत गेली पाहिजे. सहाच्या पुढे नको. आणि सोडल्यावर लगेच वर आली पाहिजे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे खड्ड्यातून जाणारी सीट," नियाजभाई म्हणाले. "रोज तेच करतो, मॅडम."

रोज तेच करणाऱ्यालाही चार वेळा उसवावं लागलं. पहिली छाती दगड झाली, दुसरी लोण्यासारखी. चौथीला स्प्रिंग आणि फोमचं जमलं, बाईंनी पट्टी लावून मोजलं आणि खूश झाल्या. मग त्यांनी नियाजभाईंनाच शिकवलं. तळहातावर तळहात, छातीच्या मधोमध, कोपर ताठ, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. हृदय थांबलं तरी आपल्या दाबण्याने थोडं रक्त मेंदूपर्यंत पोचत राहतं, बाई सांगत होत्या. हात न लावता गेलेलं एकेक मिनिट आशा कमी करत जातं.

नियाजभाईंचे हात थांबले.

"आणि वीस मिनिटं कुणी हातच लावला नाही तर?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "कोण होतं?" त्यांनी विचारलं.

होती त्यांची बायको, अख्तरबानू. आदल्या वर्षीची गोष्ट. नियाजभाई नाना पेठेत रेग्झिन आणायला गेले होते आणि ती दुपारचा डबा घेऊन येता येता स्टँडसमोरच कोसळली. स्टँडवरची माणसं पळून गेली नाहीत हो! स्टँडचे म्होरके हिंदुराव, मुंढव्याचे, त्यांनी धावत जाऊन चादर आणली. चौघांनी चार टोकं धरून आडोसा केला आणि परक्या बाईकडे बघायचं नाही म्हणून सगळे पाठ करून उभे राहिले. बघ्यांना शिव्या घालून हाकललं. एक जण भाजीवाल्या मावशींना शोधायला पळाला, बाईमाणूस आलं की हात लावील म्हणून. ॲम्ब्युलन्स आली तोवर वीस मिनिटं गेली होती. तेवढा वेळ ती त्या चादरीच्या आत एकटी पडून होती. पुढे नियाजभाईंनी हिंदुरावांचे दोन्ही हात धरून, भरल्या डोळ्यांनी आभार मानले होते, "माझ्या घरची अब्रू राखलीत." अगदी मनापासून मानले होते.

"दाबलं असतं तर वाचली असती?" त्यांनी बाईंना विचारलं.

"सांगता येत नाही. दाबूनही गेली असती कदाचित. न दाबता वाचणं मात्र..."

ही गोष्ट नियाजभाईंनी स्टँडवर कुणाला सांगितली नाही. कशी सांगणार? संध्याकाळचा चहा त्या माणसांबरोबर, ईदचा शीरखुर्मा त्या माणसांना. चांगुलपणाने केलेल्या गोष्टीचा असा हिशेब कुणाच्या पदरात टाकायचा म्हणजे काळीज दगडाचं लागतं. ते आतल्या आत जळत राहिले.

पुढची दोन वर्षं बाईंचे वर्ग चालले. रिक्षावाले झकास दाबायला शिकले. मग पद्मजाबाईंनी त्यांना विचारलं, "समोर बाई पडली तर?" बहुतेकांचं उत्तर एकच, आधी एखाद्या बाईला बोलवू. पद्मजाबाई पुन्हा गाळ्यात आल्या. "नियाजभाई, आता बाईचा पुतळा हवा."

"जमणार नाही."

"फोम संपला का?"

"फोम आहे."

पंधरा दिवस त्यांनी कामाला हात घातला नाही. शेवटी मुलगी मिसबाच म्हणाली. खराडीला नोकरी करते, बोलायला बापासारखीच. "अब्बा, लाज वाटत असेल तर मी बनवते. फोम मलाही कापता येतो." मग काय करतात! पुतळा त्यांनी बनवला, कुर्ता मिसबाने शिवला. देताना तिने विचारलं, "अम्मीचं स्टँडवरच्यांना सांगितलंत?" नियाजभाई दोरा ओवत बसले.

सोमवारी सकाळी पुतळा स्टँडवर सतरंजीवर ठेवला. पद्मजाबाईंनी करून दाखवलं. "आता कोण?" एरवी पॅसेंजरसाठी एकमेकांच्या अंगावर धावणारी माणसं, एकाचं पाऊल पुढे पडेना. कुणी मोबाइल काढला. मागून कुणीतरी खिदळलं आणि हिंदुरावांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

"म्याडम, राग मानू नका," हिंदुराव म्हणाले. "बाईमान्साच्या छातीला हात लावायचा, हे आमच्यात बसत न्हाय. मदत करायची रीत हाय आमची. ह्या नियाजच्या मालकीणबाई हितंच पडल्या, तर परक्याची नजरसुदिक पडू दिली न्हाय आमी. इचारा त्याला. सांग रं नियाज."

सगळे नियाजभाईंकडे वळले. तीन वर्षं या वाक्यावर ते मान डोलवत आले होते. आजही डोलवली असती तर कुणाचं काही गेलं नसतं. गेलं असतं ते उद्या कोसळणाऱ्या कुठल्या तरी बाईचं.

"हिंदुराव," ते म्हणाले, "त्या वीस मिनिटांत ती मरत होती रे. छाती दाबायला हवी होती. कदाचित जगली असती."

हिंदुरावांचा चेहरा उतरला. "मंग... मंग तू आभार कशापायी मानलंस आमचं?"

"तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. तुम्ही अब्रू राखलीत, खोटं नाही. अब्रू आहे अजून माझ्या घरात. बानू नाही."

मग पासष्टीचे हिंदुराव चपला काढून पुतळ्याशेजारी गुडघ्यांवर बसले. हात पुढे केला, तो कुर्त्यापासून वीतभर अंतरावरच थांबला.

नियाजभाई त्यांच्यासमोर बसले. त्यांनी हिंदुरावांचा पंजा आपल्या हातात घेतला आणि स्वतः नेऊन छातीच्या मधोमध ठेवला.

"बानू समज," ते म्हणाले, "आणि दाब."