डायरेक्ट केलेली वायर

मागच्या मंगळवारी पडेगावच्या पुढे एका साइटवर गेलो होतो. पाइपलाइनसाठी चर खोदायचं काम, आणि तिथली पोकलेन अठरा दिवसांपासून जागेवर उभी...

उभी होती, कारण तिच्या बूमचा, म्हणजे पुढच्या लांब हाताचा, फटका बसून चरात पाइप जोडणाऱ्या एका मिस्त्रीचा पाय मोडला होता. माणूस वाचला, पण पाय दोन ठिकाणी गेला. रॉड टाकलाय.

मी पोकलेन, रोलर, क्रेन असल्या मशीनचं इलेक्ट्रिकलचं काम करतो. वीस वर्षं झाली, अजून एकाही फॉल्टनं मला चकवलं नाही, असं चारचौघांत छाती फुगवून सांगतो. सांगत होतो म्हणा.

मशीनच्या मालकांनी दिलेलं काम सोपं होतं. मशीन तपासायचं आणि त्यात दोष नाही, असं लिहून द्यायचं. म्हणजे चूक ऑपरेटरची, विषय संपला.

ऑपरेटर म्हणजे साळवेमामा. पन्नाशी उलटलेली, सगळं आयुष्य मशीनवर गेलेलं. इंजिन चालू ठेवून ते खाली उतरत होते, तेव्हा खांद्यावरची पिशवी जॉयस्टिकला अडकली आणि बूम फिरला.

आता सीटच्या डाव्या हाताला एक सेफ्टी लिव्हर असतो. तो वर केला की जॉयस्टिकला कितीही धक्का लागो, मशीन हलत नाही. मामा पहिल्या दिवसापासून सांगत होते की लिव्हर वर होता... आणि लोक म्हणत होते, म्हातारा खोटं बोलतोय.

मी हत्यारांची पेटी उघडत होतो तेव्हा मामा जवळ आले. "भाऊ, मी लिव्हर वर केलता. पण समदेच म्हणायलेत, तर आता मलाबी वाटायलंय... नसंलच केला काय मी?"

मी पेटीतून मीटर काढला. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की नसेलच केला.

इंजिन बंद, चावी ऑन, लिव्हर वर. जॉयस्टिकची ताकद चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइडच्या वायरला मीटर लावला. तिथे शून्य यायला हवं होतं... आले चोवीस व्होल्ट.

म्हणजे लिव्हर वर असो की खाली, मशीनला काही फरकच पडत नव्हता. डाव्या बाजूचं कव्हर उघडलं, वायर चाचपत मागे मागे गेलो आणि जोड सापडला. लिव्हरच्या स्विचला जाणाऱ्या दोन वायरी तोडून एकमेकींना जोडल्या होत्या.

आमच्या धंद्यात याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. स्विच गेला, पार्ट मिळेना, काम अडलं... की स्विच सोडून वायर सरळ जोडून द्यायची. आजचं मरण उद्यावर ढकलायचं.

त्या जोडावर टेप होती, आणि टेपवर मेणाचा दोरा, चार वेढे देऊन गाठ मारलेला. आपल्याकडच्या उन्हात टेपचा डिंक वितळतो म्हणून वरून दोरा बांधायचा, हे मला शहागंजातल्या माझ्या उस्तादांनी शिकवलं. आता असा दोरा कोणी बांधत नाही. माझ्याशिवाय.

मग सगळं आठवलं. मागच्या वर्षी याच मशीनचा स्विच गेला होता आणि पार्टला आठ दिवस लागणार होते. मालक म्हणाले, सध्या डायरेक्ट कर, पार्ट आला की बसवू. मी करून दिलं, आणि पुढे ना त्यांनी फोन केला ना मी.

तेव्हाचा ऑपरेटर काम सोडून गेला. मामा नंतर आले, त्यांना कोणीच काही सांगितलं नाही.

खोटं कशाला बोलू... पहिला विचार आला तो कटरचा. जोड कापायचा, नवा स्विच लावायचा, कागदावर सही करायची. तेरी भी चूप, मेरी भी चूप. कव्हर अर्धं परत लावलंसुद्धा होतं.

सहज खाली बघितलं. मामा स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते. लिव्हर उचलल्यासारखा हात वर करायचे, खाली आणायचे, परत वर... जणू त्या हातालाच विचारत होते.

मी कव्हर काढलं. मालकांना बोलावलं, बाकीच्यांना लांब उभं केलं आणि मामांना सीटवर बसवलं. इंजिन चालू करून म्हणालो, लिव्हर वर करा आणि जॉयस्टिक जरासा हलवा.

मामांनी तसंच केलं. लिव्हर वर होता... आणि बूम हलला.

"मामा, तुम्ही खरं बोलत होतात. ही वायर मी डायरेक्ट केलीय." इंजिन बंद करून मी म्हणालो.

मामा सीटवरून खाली उतरले. मग म्हणाले, "म्हंजी माझं डोस्कं जाग्यावर हाय," आणि तोंडाला रुमाल लावून रडले. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मालक भडकले. "तुला मशीन बघायला बोलावलं व्हतं, पंचायत करायला नाय!" पण मी कागदावर जे दिसलं तेच लिहिलं, माझ्या नावासकट, त्यांनी काय सांगितलं होतं त्यासकट. पुढे जे व्हायचं ते होईल.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन मिस्त्रीला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "आठ दिस मशीन बंद ऱ्हायली असती, तर काय बिघडलं असतं?"

 

म्हणून हे इथे लिहितोय. तुमच्या मशीनवर मी कधी काही डायरेक्ट करून दिलं असेल, तर मला फोन करा, मी स्वतः येऊन नीट करून देईन. मी येईपर्यंत मशीन उभंच राहू द्या... काही बिघडत नाही.