नळीतला एक तास

दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझ्याकडे दोनच कामं होती. लोकांची लघवी उकळायची आणि लोकांचं रक्त उभं करून ठेवायचं. पहिल्या कामावरून आमच्या तांबट आळीत माझी भरपूर टिंगल व्हायची, आणि त्यात पुढाकार माझ्या वडलांचा. कोणी विचारलं की मुलगा काय करतो, तर ते अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत, "आमचे चिरंजीव मूत कढवतात." मग सगळे हसायचे. मलाही हसावं लागायचं, कारण खोटं काहीच नव्हतं त्यात.

वडलांना आम्ही घरात दादा म्हणत असू. ते तांबट होते, त्यांचे वडीलही तांबट, आणि मीही तांबटच व्हायचो. पण माझ्या हातून हातोडा सरळ पडत नसे. दादांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि एक दिवस माझ्या हातातली वाकडी घागर काढून घेत म्हणाले, "तू आपली पाटीच धर." म्हणून मी शिकलो, मॅट्रिकला आपटलो आणि आळीच्या तोंडाशी ज्यांचा दवाखाना होता त्या डॉक्टरांकडे लागलो. हा एकोणीसशे पस्तीस-छत्तीसचा सुमार. डॉक्टर मुंबईला शिकून नाशकात आले होते. लघवी आणि रक्त तपासल्याशिवाय ते औषध लिहीत नसत, म्हणून लोक त्यांना जरा वेडसर समजत.

तांबट काम कसं करतो हे सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो जमिनीवर बसतो. समोर जमिनीत रोवलेला लोखंडी दांडा असतो, त्यावर भांडं पालथं घालायचं. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातानं भांडं फिरवायचं, आणि ते घट्ट धरायचं पायांनी. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत भांड्याचा काठ. तांबं कडक झालं की भट्टीत घालून लाल करायचं, चिंचेच्या पाण्यातून काढायचं, आणि पुन्हा पायांत. बाकीचे तांबट भांडं निवेपर्यंत थांबत किंवा मध्ये ओलं गोणपाट घेत. दादांनी गेली दोन-तीन वर्षं गोणपाट सोडलं होतं. "पाय मुरले आता," ते म्हणत. आळीतली तरुण पोरं त्यांचे पाय बघायला यायची आणि दादा मुद्दाम बंबाचं तापलेलं बूड पायांत धरून दाखवायचे. मलाही तेव्हा अभिमानच वाटायचा, हे कबूल करतो.

पाय मुरले नव्हते, मेले होते. ते आधी आईच्या लक्षात आलं, तेही वेगळ्याच वाटेनं. तिनं सारवलेल्या जमिनीवर एका सकाळी मोरीपासून देवघरापर्यंत तांबडे ठसे उमटले होते, एकाच पायाचे. दादांचा उजवा अंगठा खालून भाजून फुटला होता आणि दादांना पत्ता नव्हता. त्याच महिन्यात ती म्हणत होती की मोरीला मुंग्या फार लागतात. दवाखान्यात दिवसाला दहा लोकांच्या लघवीतली साखर पाहणाऱ्या माझ्या डोक्यात तोवर हे दोन आणि दोन एकत्र आले नव्हते.

दादांना मी ओढूनच आणलं. त्यांची लघवी त्यांच्यासमोरच उकळली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी विटकरी गाळ खाली बसला. दादांनी नळी हातात घेऊन उजेडात धरली.

"हे निळं म्हणजे मोरचूद ना रे?"

"त्याचंच असतं, दादा."

"आणि खाली बसलं ते तांबं. म्हंजे तुझा डॉक्टर पण आमच्यातलाच."

हसले. मी हसलो नाही. तेवढा लाल गाळ मी त्या खोलीत फारसा पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी भात, साखर, गूळ बंद केला, मुंबईहून इन्शुलिन मागवायचं ठरवलं आणि पाय हातात घेऊन बराच वेळ पाहिला. टाचणी टोचली. दादा आढ्याकडे बघत होते, त्यांना टोचल्याचं कळलंच नाही. मग डॉक्टरांनी मला रक्त घ्यायला सांगितलं.

ती माझी दुसरी विद्या. हाताच्या शिरेतलं रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळायचं, वीतभरापेक्षा लांब अशा बारीक काचेच्या नळीत ओढायचं आणि नळी लाकडी घोडीच्या खाचेत अगदी सरळ उभी करायची. एक तास. तेवढ्या वेळात रक्ताचा लाल भाग खाली बसत जातो आणि वर गव्हाळ पाणी सुटतं. नळीवर रेघा असतात. धडधाकट माणसाचं रक्त तासात थोड्याच रेघा उतरतं. अंगात कुठे दाह असला, पू धरत असला, तर ते झपाझप खाली येतं. छातीच्या रोग्यांसाठी डॉक्टर ही तपासणी नेहमी करत. "आत जळतंय का नाही, एवढंच ही नळी सांगते," ते म्हणायचे, "पण ते ती खरं सांगते." एक अट मात्र असे. नळी तिरकी झाली किंवा हलली, तर रक्त उगाच जास्त उतरतं. शेजारच्या कारखान्यात बंब ठोकायला घेतला की आमचं टेबल थरथरायचं. सुरुवातीला काही आकडे त्यामुळे फसले, म्हणून डॉक्टरांनी टेबलाखाली नमद्याच्या, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीच्या, घड्या घातल्या आणि मला नियमच घालून दिला: ठोक्यांनी नळी हलली असं वाटलं, तर तो आकडा धरायचा नाही.

त्या दिवशी दादांचा आकडा अडतीस आला. डॉक्टरांनी दादांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं. जखम वरून भरेल, पण पुढच्या खेपेला रक्त याहून जास्त उतरलं तर समजायचं की हाडाला लागलं. मग अंगठा आणि शेजारचं बोट ताबडतोब काढायचं, म्हणजे बाकीचा पाय राहील. उशीर केला तर पाय जाईल, आणि कदाचित पायाबरोबर सगळंच.

"ती दोन बोटं गेली तर भांडं धरू कशानं डॉक्टरसाहेब? दातानं?"

 दादा टोपी हातात घेऊन उठले आणि बाहेर पायरीवर येऊन मला म्हणाले, "तुझा डॉक्टर शिकलेला हाय, पण मला त्याचं काय ठाऊक? तू वाचतो ना नळी? तू सांग. तू म्हणालास तर देतो बोटं." माझ्या वाकड्या घागरीनंतर त्यांनी माझ्या हातावर ठेवलेला तो पहिला विश्वास. मला इतकं बरं वाटलं की त्यात केवढी जोखीम आहे, हे कळलंच नाही.

मध्ये एक गोष्ट झाली. डॉक्टरांनी धुवायला आणि बांधायला दिलेलं दादांनी चार दिवस केलं, आणि मग आपल्या अकलेनं जखमेत मोरचूद भरलं. आळीत सगळे तसंच करत. हात कापला, पाय सडला की मोरचूद. बाकीचे ओरडायचे, दादांना तर दुखतच नव्हतं. जखमेवर काळपट हिरवी, कडक खपली धरली. "बघ," ते म्हणाले, "तांब्यानं दिलं, तांब्यानंच बरं केलं." पट्टीमुळे आलेला त्यांच्या चालण्यातला लंगडेपणा गेला. आई देवाला साखर ठेवायला निघाली होती, मी म्हणालो गूळ-साखर काही नको या घरात, आणि सगळे हसलो. घरात बऱ्याच दिवसांनी हसणं झालं होतं.

तीन आठवड्यांनी दादा पुन्हा आले. धुतलेली टोपी, पांढरं धोतर, हातात काही काम नसल्यासारखे निवांत. डॉक्टर देवळ्याला एका पेशंटकडे गेले होते, रात्रीशिवाय परतणार नव्हते. मी रक्त घेतलं, नळी लावली, घड्याळ पाहिलं. दादा बाकावर बसून दवाखान्यात आलेल्या माणसांशी गप्पा मारत राहिले. नऊला लावलेली नळी मी दहाला वाचली.

चौऱ्याण्णव.

मी गुडघ्यावर बसून पुन्हा वाचली. चौऱ्याण्णवच. वरचं गव्हाळ पाणी नळीच्या निम्म्यापर्यंत आलं होतं.  बाहेर जाऊन दादांना सांगायचं होतं की द्या बोटं, आणि ते देणार होते, कारण तसं बोलले होते. ती दोन बोटं मला डोळ्यांसमोर दिसत होती, घागरीचा काठ धरलेली. आणि तेवढ्यात मला ठोके ऐकू आले. शेजारचे, नेहमीचे, लहानपणापासून कानात बसलेले. मी टेबलावर हात ठेवला, तर टेबल थरथरत होतं. माझा हातच थरथरत असेल, पण ते तेव्हा कुठे सुचलं.

सुटल्यासारखं वाटलं मला. नळी हलली! आकडा धरायचा नाही, खुद्द डॉक्टरांचाच नियम. मी नळी मोरीत ओतली आणि वहीत दादांच्या नावापुढे लिहिलं, 'नळी हलली. पुन्हा घेणे.' आकडा लिहिला नाही. बाहेर आलो.

"काय म्हणते तुझी नळी?"

"हललीय, दादा. पुन्हा घेऊ. पण जखम सुकलीय तुमची, आकडा कमीच झाला असणार."

दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात दोन-तीनदाच मारली असेल तशी.

रात्री डॉक्टरांनी वही पाहून विचारलं. मी म्हणालो, खपली कोरडी आहे, चालतातही सरळ. ते म्हणाले, उद्याच परत घे. दुसऱ्या दिवशी दादांकडे लग्नाच्या घंगाळांचं काम आलं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, तर ते म्हणाले, सवडीनं येतो. मी आग्रह धरला नाही. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, दोनदा मी आजउद्या म्हणालो. मला ती नळी पुन्हा लावायचीच नव्हती, हे मी आता सरळ लिहू शकतो.

सतराव्या दिवशी दादांना हुडहुडी भरली. आईनं पाय उघडला तर घरभर वास सुटला. खपलीखाली सगळं पाणी झालं होतं, दोन्ही बोटं काळी आणि पोटरीवरून वर गेलेली तांबडी रेघ. डॉक्टर आले, वाकून पाहिलं आणि मला म्हणाले, "टांगा आण." रक्त काढायला त्यांनी सांगितलं नाही, त्याची आता गरज नव्हती.

सरकारी दवाखान्यात गुडघ्याच्या वरून पाय काढला. मुंबईचं इन्शुलिन एकदाचं आलं, ते सकाळ-संध्याकाळ मीच टोचत होतो. दादा फार बोलत नसत. एकदा फक्त म्हणाले, डाव्या पायानं एकट्यानं धरता येईल का बघू, लहान भांडी. मग ताप पुन्हा चढू लागला आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आईला आणायला सांगितलं.

आई यायच्या आधी मी दादांना सांगितलं. ते ऐकू शकत होते तोवर सांगायलाच हवं होतं मला. चौऱ्याण्णव आकडा आला होता. मी तो तुम्हाला सांगितला नाही. बाहेर ठोके चालले होते, त्यांनी नळी हलली असं मला वाटलं, खरंच वाटलं दादा.

दादांनी डोळे उघडले. कपाळाला आठी पडली, मी काही वेडंवाकडं बोललो की पडायची तशी.

"कसले ठोके?"

"आळीतले. शेजारचे."

"त्या दिवशी आवस होती." त्यांना धाप लागत होती. "आवसेला कोण ठोकतंय आपल्यात? काम बंद होतं, म्हणून तर आलो होतो मी."

 अमावस्येला आळीत हातोडा उचलत नाहीत. हे मला चालायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं. धुतलेली टोपी, पांढरं धोतर, तासभर निवांत गप्पा. दादा माझ्याकडे बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाले, "घागर पण वाकडीच केली होतीस." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

दादांना गोदावरीवर, आमच्या गंगेवर, अग्नी देऊन परत आल्यावर मी घरी न जाता तसाच ओल्या धोतरानं दवाखान्यात गेलो. सुतक होतं, उंबरा ओलांडायला नको होता. डॉक्टर उठून उभे राहिले, पण अडवलं नाही. मी वही काढली, ते पान उघडलं, 'नळी हलली' हे शब्द खोडले आणि त्यांच्यावर चौऱ्याण्णव लिहिलं. मग टेबलावर हात टेकून ऐकत राहिलो. दादांसाठी आळीनं हातोडे खाली ठेवले होते. एकही ठोका नव्हता, आणि या खेपेला ठोका नाही, हे मला नीट ऐकू आलं.