“साहेब नाही आले?”

गवती चहाचा वास आला की जांबोटीच्या वाटेवरचा तो रिसॉर्ट आठवतो. पैसे भरले की दर वर्षी एक आठवडा तिथली खोली आपली, अशी योजना होती. घेण्याआधी बघायला म्हणून मी आणि आई रिसॉर्टच्याच गाडीतून गेलो होतो. दारात गवती चहा देत तिथल्या विक्रेत्यानं विचारलं, “साहेब नाही आले?” माझं लग्न झालेलं नव्हतं आणि बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई आत गेली, गुबगुबीत पलंगावर बसली, गॅलरीतून ओली झाडी बघत राहिली. “खोली लई झ्याक हाय गं,” ती म्हणाली. मलाही ती हवीच होती. मग त्यानं कागद पुढं केला. “आजच सही करा मॅडम, फक्त घरातल्या एखाद्या पुरुषाला फोन जोडून द्या.” आईनं माझ्याकडं बोट दाखवलं. “घरातली कर्ती हीच हाय.” तो हसला. मी कागद परत सरकवला. “खोली आवडली, पण घेणार न्हाय. आमचं आम्हाला ठरवता येत न्हाय तिथं सुट्टी कसली?” सही केली नाही म्हणून परतीला त्यांची गाडी मिळाली नाही. बसथांब्यापर्यंत आम्ही चिखल तुडवत आलो, आणि आई वाटभर हसत होती. आता दर वर्षी आम्ही दोघी कुठंतरी जातो. यंदा तिनं समुद्र सांगितलाय.