कळंबे बाबूचा ‘कल’

ऑफिसात फायली साचते अन् दाराशी बसणाऱ्याजवळ किस्से. फायलींले दीमक लागते, किस्स्यांले लागत नाही. म्हणून मी रिटायर झालो तरी माहा माल शाबूत हाये.

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका सरकारी ऑफिसात मी चपराशी होतो. शाळा चौथीतच सुटली, पण दारातल्या स्टुलावरून सारं दिसे. आत कळंबे बाबू. ऑफिसातून जे पत्र, जी ऑर्डर निघे, ती याच्याच हातानं टाइप होये. निघाली तर. खिडकीत कोणी आला का बाबू मान वर न करता म्हणे, "कल येजा."

मग नवा साहेब आला. भोपाळकडचा, पोरगेलासा. पहिल्याच दिवशी बाबूले म्हणे, "टाइम मैनेजमेंट सीखिए. बड़े साहब के दौरे तक टेबल साफ नहीं हुआ, तो आपका तबादला पहाड़ के उस पार."

बाबूचं तोंड उतरलं. लोधीखेड्याले त्याची संत्र्याची बाग. ऑफिस सुटलं का पाणी द्यायले तोच जाये. बदली झाली का बाग वाळली, हे सगळ्यांले ठाऊक.

*

पहिले आली अंगठ्याची मशीन. जो वेळेवर तो हजर. बाबू भेवून त्या दिवशी माह्याआधी येऊन उभा. अंगठा लावला, मशीन म्हणे, फिर से कोशिश करें. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

साहेबानं त्याचा अंगठा उजेडात धरून पायला. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटू घोटू गुळगुळीत झालेला, एक रेघ नाही.

"आपका निशान कहाँ गया?"

"नोकरीत घासला, साहेब."

*

मग टेबलावर तीन ट्रे आले. लाल म्हणजे आज, पिवळा म्हणजे उद्या, हिरवा म्हणजे नंतर. हिरवा दुपारपर्यंत शिगोशीग. पिवळ्यातही जागा नाही. लालमध्ये बाबूचा डबा.

साहेब भडकला. बाबू शांतपणे म्हणे, "साहेब, या टेबलावर आजच संपली पाह्यजे अशी येवढीच चीज हाये. भाजी आंबते."

*

एक दिवस वेळ कसा वाचवायचा यावर मीटिंग झाली. सकाळी दार लागलं, चहा दोनदा आत गेला, तरी मीटिंग सुटेना. बाहेर रामाकोन्याचा एक म्हातारा शेतकरी, सहीसाठी ताटकळलेला.

"भाऊ, साहेब काय करून राहिले?"

"टाइम वाचवून राहिले," म्यां सांगतलं.

"मंग वाचला असन तर मले दे थोडासा. माही शेवटची बस चालली."

*

शेवटी साहेबानं पाटी रंगवून आणली. मोठ्ठी, बाबूच्या डोक्यावर ठोकली म्यांच. ‘कल का काम आज’.

बाबूनं ती खूप वेळ वाचली. मग मले जवळ बोलावलं.

"नथ्थूभाऊ, हिंदीत कल म्हणजे काल का उद्या?"

"दोन्ही."

"पक्कं?"

"साहेबाले इचार."

"नाही, दोन्ही असन तर ठीक हाये," असं म्हणून बाबूनं खर्रा तोंडात टाकला. त्या दिवसापासून त्याचं तोंड उतरलेलं म्यां पायलं नाही.

दौऱ्याचा दिवस आला. पांढुर्ण्याहून बडे साहेब गाडीतून उतरले. मी स्टुलावरून उठलो, बाबू खुर्चीवरून. टेबल फायलींनी भरलेलं, मागच्या भिंतीवर फक्त पाटी तेवढी दिसे. आमचा साहेब मनातून खुश. आज बाबू जाते.

बडे साहेबांनी फायलींकडे बोट केलं. "ये क्या है?"

"कल का काम, साहेब. आज करून राहिलो." बाबूनं पाटीकडे हात केला. "ऑर्डर हाये."

"और आज का काम?"

"ते कल करतो. आजचं उद्या कालचं होते ना."

बडे साहेबांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग आमच्या साहेबाकडे पायलं. "ये किसने लिखवाया?"

साहेबाचे कान लाल. तरी हट्ट सोडेना. "सर, इनका तबादला कर दीजिए. मैंने लिखकर दिया है."

"ठीक है, कर देंगे," बडे साहेब म्हणे. "ऑर्डर लाइए, साइन कर देता हूँ. टाइप कौन करता है?"

साहेबानं बाबूकडे पायलं. मी छताकडे पायलं.

कळंबे बाबू खुर्चीत बसला, चष्मा पुसला, हिरवा ट्रे हळूच जवळ ओढला अन् म्हणे, "मीच करतो, साहेब. कल येजा."